पूर्वेकडचे गावकूस आणि आमचा इतिहासाचा तास

दलित चळवळीने बाहेरच्या जगाकडे पाहिले ते मुख्यतः पश्चिमेकडे तोंड करून. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डॉ. म. ना. वानखेडे यांनी तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे आमच्या लेखकांचे लक्ष वेधले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तर ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. या दिशेने जे मिळाले ते मोलाचे होते. पूर्वेकडे पाहताना मात्र आमचे डोळे वेगळे होतात. पश्चिमेकडे आम्ही प्रश्न घेऊन गेलो. पूर्वेकडे हात जोडून. चीन, जपान, कोरिया म्हणजे बौद्ध देश. येथे जो धम्म मारला गेला तो तेथे जगला. बस, एवढ्यावर आमचे पूर्वेचे ज्ञान संपते.

हे ज्ञान खोटे नाही. ते अपुरे आहे. आणि अपुरे ज्ञान वर्गात गेले म्हणजे त्याचे काय होते हे मी ब्रह्मपुरीत इतिहास शिकवताना पुष्कळ पाहिले आहे.

ब्रह्मपुरी हे वैनगंगेच्या खोऱ्यातले, धानाच्या बांध्यांनी वेढलेले तालुक्याचे गाव. झाडीपट्टीतील पोरे शिकायला येथे येतात. १९८२ साली गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला, तरी नदीपलीकडची पोरे एस. टी.ने येथे येत राहिली. एका वर्गात बौद्ध, कुणबी, तेली, धीवर, गोंड, माना, गोवारी अशी सारी मुले. या मुलांपुढे पूर्व आशिया दोन वाटांनी येतो. एक वाट पाठ्यपुस्तकाची. तिच्यात मेइजी राजवट, १९०५ साली रशियावर जपानचा विजय, हिरोशिमा, १९११ आणि १९४९ च्या चिनी क्रांत्या, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या पाच जणांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे विदर्भातल्या मुलांना क्वचितच सांगितले जाते. पण ते असो. दुसरी वाट विहाराची. नागपूरला १९६७ पासून राहिलेले भदन्त सुरई ससाई, कामठीला १९९९ साली जपानी दानातून उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस, ब्रह्मपुरीपासून जवळच पवनीच्या बाजूला रुयाड येथील महास्तूप आणि तेथे येणारे जपानी भिक्खू. मुले या माणसांना डोळ्यांनी पाहतात. त्यामुळे जपान हा त्यांना हिरोशिमाच्या धड्यापेक्षा अधिक जवळचा वाटतो.

संस्कृती शिकवायची म्हटले की आपला शिक्षक किमोनो आणि चेरीची फुले यांच्याकडे धावतो. आमच्याकडे त्याची गरज नाही. १९५३ पासून सरकारने 'जपानी पद्धतीची भातशेती' म्हणून केवढा प्रचार केला होता! निवडक बी, गादीवाफ्यावर रोप, दोरी धरून ओळीत रोवणी, ओळींमधून कोळपणी. झाडीतल्या पोराला रोवणी शिकवावी लागत नाही. त्याच्या आईची कंबर रोवणीत मोडलेली असते. जपानी शेतकरी-बाईची कंबरही तशीच वाकलेली असते, येथून सुरुवात केली की देश लांबचा राहत नाही.

परंतु वर्गात खरा पेच पडला तो प्राचीन भारताच्या धड्यात. गुप्तकाळाला आपल्याकडे सुवर्णयुग म्हणण्याची जुनी खोड आहे आणि त्या सोन्याला कस लावायला चिनी प्रवासी फाहियान हजर केला जातो. लोक सुखी होते, कोणी प्राण्याची हत्या करीत नसे, कोणी मद्य पीत नसे. पुस्तक बहुधा येथेच थांबते. फाहियान मात्र तेथे थांबलेला नाही. इ. स. ३९९ च्या सुमारास चीनमधून निघालेल्या या भिक्खूने मध्यदेशाविषयी लिहिताना त्याच ठिकाणी पुढे सांगितले आहे की चांडाळ वेगळे राहतात, आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकडावर ठोका देतात, म्हणजे लोकांना कळावे आणि त्यांनी बाजूला व्हावे. सुवर्णयुगाचा साक्षीदार आणि या ठोक्याचा साक्षीदार एकच आहे. पुढे सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संगाने खाटीक, कोळी, जल्लाद आदींची घरे वस्तीबाहेर असतात आणि त्यांवर खूण असते, असे नोंदवले. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात अस्पृश्यतेचा काळ ठरवताना या दोघांचीही साक्ष काढली आहे. फाहियानचे वर्णन चांडाळांपुरते आहे, तेवढ्यावरून अस्पृश्यता सिद्ध होत नाही, असे त्यांनी वकिली काटेकोरपणाने बजावले, आणि सगळा पुरावा तपासून इ. स. ४०० च्या आसपासचा काळ सुचवला. चिनी भाषेतला मजकूर आमच्या प्रश्नासाठी कसा वाचावा याचा हा वस्तुपाठच आहे. पुण्यात पु. वि. बापट यांच्यासारखे पाली आणि चिनी दोन्ही जाणणारे पंडित होते; ती विद्या मोठी होती, पण मोहल्ल्यापर्यंत तिची वाट नव्हती.

ह्युएनत्संगाचे आमच्या भागाशी आणखी एक नाते सांगतात. त्याने पाहिलेल्या कोसल देशाची राजधानी चांदा भागात असावी असे एकोणिसाव्या शतकातील काही संशोधकांना वाटले; भांदक आणि वैरागड ही नावे तेव्हा पुढे आली. नंतरच्या अभ्यासकांचा कल छत्तीसगडातील सिरपूरकडे आहे. म्हणून ह्युएनत्संग आमच्या गावावरून गेला असे मी मुलांना सांगत नसे. सांगायला खात्रीचे पुष्कळ आहे: भांदकची विजासन लेणी आहेत, आणि १९६९-७० च्या उत्खननात पवनीच्या जगन्नाथ टेकडीखालून स्तूप निघालेला आहे. नसलेला अभिमान चिकटवण्याची आम्हांला गरज काय?

तर, फाहियानचा तो ठोका मी वर्गात टेबलावर वाजवून दाखवीत असे. एका वर्षी मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, याच्या देशात चांडाळ नव्हते का? जपानात महार कोण?"

वर्ग हसला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर आहे, आणि ते बहुतेक शिक्षकांना ठाऊक नसते.

जपानात 'एता' आणि 'हिनिन' असे दोन वर्ग होते. एता हा शब्द ज्या दोन अक्षरांनी लिहीत त्यांचा अर्थ 'विटाळ फार' असा होतो. हिनिन म्हणजे 'जो माणूस नव्हे तो'. मेलेली जनावरे उचलणे, कातडी कमावणे, फाशी देणे, पहारा करणे ही कामे त्यांची. वस्ती वेगळी, लग्न आपसात, कपड्यांवर आणि केसांवर निर्बंध. १८७१ साली मेइजी सरकारने फर्मान काढून ही नावे आणि हा दर्जा रद्द केला. पाठ्यपुस्तकातील आधुनिक जपानची कथा येथे टाळी वाजवून पुढे जाते. प्रत्यक्षात काय झाले? १८७३ साली, म्हणजे 'गुलामगिरी' ज्या वर्षी निघाली त्याच वर्षी, आजच्या ओकायामा प्रांतातील मिमासाका येथे शेतकऱ्यांनी नव्या सरकारविरुद्ध दंगा केला आणि त्या दंग्यात या मुक्त झालेल्यांच्या वस्त्या पेटवल्या. अठरा माणसे मारली गेली. सक्तीच्या लष्करभरतीवर आणि नव्या करांवर राग होता, तो निघाला कोणावर? आता हे आमच्याशी बरोबरीने वागतात, पूर्वीसारखे वाकत नाहीत, यावर. असा राग ओळखायला आपल्याला जपानी शिकावे लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बारकाईने पाहावी अशी आहे. १८७२ ला नवी कुटुंबनोंदवही झाली. सारे प्रजाजन 'सामान्यजन' म्हणून लिहायचे ठरले. परंतु अनेक ठिकाणी पूर्वीच्या एतांच्या नावापुढे 'शिन-हेइमिन' अशी नोंद पडली. तिचा अर्थ 'नवे सामान्यजन'. कायद्याने बरोबरीला आणले आणि 'नवे' या एका शब्दाने पुन्हा बाहेर काढले. हे मी सांगितले तेव्हा वर्गात शांतता पसरली. आमच्या मुलांच्या दाखल्यांवर, सरकारी फॉर्मांवर, शेजाऱ्यांच्या तोंडी 'नवबौद्ध' हा शब्द आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला दीक्षा घेतलेल्यांची नातवंडे-पणतवंडे आज नवी कशी? ती जन्माने बौद्ध आहेत. तरीही 'नव' सुटत नाही, कारण 'नव' हा काळ दाखवणारा शब्द राहिलेला नाही. तो जुनी जात सांगण्याचा सभ्य मार्ग झाला आहे.

या लोकांना आज 'बुराकुमिन' म्हणतात. बुराकु म्हणजे वस्ती, पाडा. म्हणजे वस्तीचे लोक. चेहरा तोच, भाषा तीच, नावेही बाकीच्यांसारखीच. ओळख पटते ती पत्त्यावरून आणि नोंदवहीवरून. म्हणून १९६८ पर्यंत ती जुनी नोंदवही कोणालाही पाहता येत होती हे महत्त्वाचे. ती बंद झाल्यावर काय घडले? १९७५ साली उघडकीस आले की बुराकु वस्त्यांच्या ठिकाणांची यादी छापून गुप्तपणे विकली जात होती आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती विकत घेतली होती. नोकरीला येणारा मुलगा कुठला हे पाहण्यासाठी! आमच्याकडे याद्या लागत नाहीत. हजेरीत आडनाव उच्चारले की काम होते, आणि आडनावाने भागले नाही तर पुढचा प्रश्न तयार असतो. आमच्या भागात मेश्राम गोंडांतही आहेत आणि बौद्धांतही, त्यामुळे "कोणते मेश्राम?" हे विचारताना माणसाला संकोच वाटत नाही.

यानंतर माझ्याकडे दोन प्रकारची माणसे आली. पहिले आमच्याच विहारातले एक वडीलधारे. ते दुखावले होते. "गुरुजी, पोराईले हे कायले सांगता? जपान त बुद्धाचा देस आहे." त्यांचे दुःख मला कळत होते. सगळ्या जगात जो देश आपला वाटतो त्याच्याही घरात हे निघावे, हे ऐकायला कठीण आहे. शिवाय प्रश्न नुसता देशाचा नाही, धर्मसंस्थेचा आहे. जपानातील बौद्ध मंदिरांनी बुराकुमिनांच्या थडग्यांवर मरणोत्तर नावे कोरताना 'पशू', 'सेवक' अशा अर्थाची अक्षरे घातली. मेल्यानंतरही जात! १९७९ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे झालेल्या जागतिक धर्म आणि शांतता परिषदेत सोतो झेन पंथाच्या प्रमुखाने जपानात असा भेदभाव नाही असे सांगितले. बुराकु संघटनांनी त्याला जाब विचारला. १९८४ साली त्याने जाहीर माफी मागितली आणि त्या पंथाने आपल्या मंदिरांतील अशी नावे, असे दगड, अशी पुस्तके शोधायला सुरुवात केली. मी त्या वडीलधाऱ्यांना म्हटले, बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला तो तपासून स्वीकारला. बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या कशासाठी? नुसते 'बुद्धं सरणं' म्हटल्याने जात मरत नाही हे त्यांना ठाऊक होते म्हणूनच ना? ज्यांना बाबासाहेब मिळाले नाहीत त्या बौद्धांचे काय झाले, हे पोरांना कळले तर बाबासाहेबांचे काम लहान होते की मोठे? ते गप्प राहिले. त्यांना पटले असे मी म्हणणार नाही.

दुसरे आले ते शिक्षकखोलीतले एक सहकारी, आणि ते फार खूश होते. "बघा, जात सगळीकडेच आहे. मग एकट्या हिंदूंनाच का झोडपता?" या सद्गृहस्थांना दुःख नव्हते, त्यांना सुटका हवी होती. तुलनेचा हा दुरुपयोग शिक्षकाने आधीच ओळखून ठेवला पाहिजे. जपानात विटाळाची कल्पना होती, मृत्यू आणि रक्ताविषयीची घृणा होती, राज्यकर्त्यांचे कायदे होते. परंतु जन्माच्या पायरीनुसार शिक्षा आणि ज्ञानबंदी सांगणारी मनुस्मृतीसारखी संहिता तेथे देवाच्या नावाने उभी नव्हती. हजारो जातींची, प्रत्येकीखाली आणखी एक, अशी उतरंडही नव्हती. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती आमच्या देशाची खास निर्मिती आहे. दुसऱ्याच्या घरी ढेकूण निघाले म्हणून आपल्या अंथरुणातले ढेकूण पवित्र होत नाहीत.

आणि ज्याला 'सगळीकडेच आहे' म्हणायचे असेल त्याने पुढचेही म्हटले पाहिजे, की सगळीकडेच लढाही आहे. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोमध्ये बुराकुमिनांनी 'सुईहेइशा' स्थापन केली. सुईहेइ म्हणजे पाण्याची सपाटी, समतल. तिचा जाहीरनामा सायको मानकिची याने लिहिला, आणि काळ्या कापडावर लाल काटेरी मुकुट असा झेंडाही त्यानेच आखला. हा सायको एका बुराकु वस्तीतील बौद्ध मंदिराच्या पुरोहित घराण्यातला. म्हणजे बंड मंदिरातून निघाले! बहुसंख्य बुराकुमिन शिनरानच्या पंथाचे. त्या पंथाच्या होंगानजी पीठांना सुईहेइशाने पहिल्याच अधिवेशनापासून जाब विचारला, वस्त्यांमधून देणग्या गोळा करणे थांबवा असे बजावले. धर्म सोडला नाही, पण धर्मपीठापुढे मान झुकवायचे नाकारले. त्या अधिवेशनात एका सोळा वर्षांच्या मुलाने शाळेत आपल्याला कसे वागवतात हे सांगितले आणि सभागृह रडले, अशी नोंद आहे. माझ्या वर्गाला जाहीरनाम्यापेक्षा हा मुलगा अधिक लक्षात राहिला.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२३ मध्ये, कोरियातील जिंजू या गावी 'ह्योंगप्योंगसा' उभी राहिली. कोरियातील पेकजोंग म्हणजे खाटकी, चामड्याचे काम आणि वेताचे विणकाम करणारे लोक. त्यांनी इतरांसारखी टोपी घालायची नाही, बांबूच्या कामट्यांची घालायची; म्हाताऱ्या पेकजोंगाने दुसऱ्याच्या पोरालाही अहो-जाहो करायचे. १८९४ च्या सुधारणांनी त्यांचा हीन दर्जा कायद्याने संपला, पण नोंदवहीत खाटीकपणाची खूण राहिली आणि शाळेत नाव घालताना ती दाखवावी लागे. ली हाक-चान नावाचा एक सधन पेकजोंग होता. पैसा होता, तरी त्याच्या मुलांना शाळेने घेतले नाही. त्या अपमानातून संघटना निघाली. तिच्या नावातला 'ह्योंग' म्हणजे तराजूची दांडी. खाटकाच्या रोजच्या हातातला तराजू, आणि दांडी समतोल राहावी ही मागणी. पुढाऱ्यांपैकी जांग जी-पिल हा स्वतः पेकजोंग, आणि कांग सांग-हो हा वरच्या घरातला, जो त्यांच्या बाजूने उभा राहिला. गावातल्या इतर लोकांनी काय करावे? त्यांनी मोर्चे काढले आणि गोमांस विकत घेण्यावर बहिष्कार टाकला. खाटकाची अस्मिता मोडायला त्याचे गिऱ्हाईक तोडायचे.

आता आपल्याकडच्या तारखा शेजारी ठेवा. मे १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा. २० मार्च १९२७ ला चवदार तळे. पाण्याची सपाटी, तराजूची दांडी आणि तळे! मी शिकवलेल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात या तारखा एका पानावर आलेल्या नव्हत्या. फळ्यावर त्या एकाखाली एक लिहायला पाच मिनिटे लागतात. १९१० पासून कोरिया जपानचा गुलाम होता. तरी राज्यकर्त्या देशातील तुडवलेले आणि गुलाम देशातील तुडवलेले यांनी एकमेकांना पत्रे लिहिली, एकमेकांच्या सभांना शुभेच्छा धाडल्या. ती कागदपत्रे २०१६ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाच्या 'जागतिक स्मृती' यादीत गेली.

हे सगळे उजळच आहे असे भासवू नये. ह्योंगप्योंगसा १९३५ पर्यंत मवाळ होऊन तिचे नावही बदलले. सुईहेइशा युद्धाच्या लाटेत १९४२ ला संपली. सायको स्वतः सम्राटनिष्ठ राष्ट्रवादाकडे वळला. आपल्याकडचे नेते कोणकोणत्या दरबारात गेले हे वाचकांना ठाऊक आहे, तेव्हा जपान्यांवर बोट ठेवताना जपून. पण त्याच चळवळीत मात्सुमोतो जिइचिरोही होता. युद्धानंतर तो वरिष्ठ सभागृहाचा उपाध्यक्ष झाला. सम्राटासमोर पाठ न दाखवता खेकड्यासारखे आडवे सरकत जायची रीत होती. १९४८ साली त्याने तसे चालायला नकार दिला. ज्यांच्या आज्यांनी 'जोहार मायबाप' म्हणत अंग चोरले त्यांच्या नातवंडांना हे समजावून सांगावे लागत नाही.

चीनविषयी येथे थोडेच. चिनी राजवटीतील सरकारी परीक्षांचे आपल्याकडे कौतुक होते: तेराशे वर्षांच्या जवळपास गुणवत्तेवर निवड! परंतु 'हीन' ठरवलेल्या घरांतील मुलांना त्या परीक्षेला बसताच येत नसे, आणि १७२३ नंतर योंगझेंग सम्राटाने काही गटांना त्या दर्जातून मुक्त केले तरी पिढ्या उलटल्याखेरीज परीक्षेचा दरवाजा उघडत नव्हता. १९०५ साली त्या परीक्षाच बंद झाल्या. राखीव जागांवर वाद सुरू झाला आणि कोणी 'मेरिट' हा शब्द काढला, की हा दाखला शिक्षकाच्या खिशात असावा.

माझ्या मते आमच्या शिक्षकांनी जपानकडून सर्वांत जास्त काही घ्यायचे असेल तर ते तेथील शिक्षकांकडून. युद्धानंतर बुराकु वस्त्यांतील मुले मोठ्या संख्येने शाळेबाहेर होती. १९५० पासून कोची प्रांतात यासाठी खास शिक्षक नेमले गेले. ते रिकामी जागा पाहून वस्तीत जात. मूल का आले नाही? लहान भावंड सांभाळते, चपला नाहीत, पुस्तक नाही, वर्गात टोमणे मारतात. यातून 'दोवा' शिक्षण म्हणून ओळखली जाणारी चळवळ वाढली. १९५३ साली शिक्षकांची देशव्यापी संघटना झाली. भेदभावाचा इतिहास वर्गात उघडपणे शिकवायचा, असा तिचा आग्रह. विरोध झाला तो एका जुन्या म्हणीच्या आधाराने: झोपलेल्या पोराला उठवू नका. बोलूच नका, आपोआप विसरले जाईल. आमच्याकडे हीच म्हण 'आता कुठे राहिली आहे जात?' या रूपात चालते. पोर झोपलेले नसते, हे त्या शिक्षकांचे उत्तर होते. त्यात धोकेही निघाले. मुलाला वर्गात उभे करून 'मी बुराकु' असे बोलायला लावावे का, यावर तेथे फार वाद झाला. माझा कौल नकाराचा आहे. इतिहास फळ्यावर यावा, पोराची जात त्याच्या तोंडून काढू नये.

१९६१ साली कोची शहराच्या नागाहामा भागात बुराकु वस्तीतील आयांनी पुस्तके विकत घ्यायला नकार दिला. शिक्षक त्यांच्या बाजूला उभे राहिले. सक्तीचे शिक्षण निःशुल्क असेल असे राज्यघटनेच्या २६ व्या कलमात आहे, मग पुस्तकाला पैसे कशाचे, हा त्यांचा सवाल. त्यांनी फक्त आपल्या वस्तीसाठी मागितले नाही, सगळ्या मुलांसाठी मागितले. १९६३ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने जपानभर पुस्तके मोफत झाली. १९६९ पर्यंत प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांतील प्रत्येक मुलाला ती मिळू लागली. तोक्योतल्या श्रीमंताच्या मुलालाही. त्याच १९६९ साली वस्त्यांच्या सुधारणेसाठी खास कायदा आला आणि तो मुदतवाढीने २००२ पर्यंत चालला. तरीही २०१६ साली बुराकु भेदभाव नाहीसा करण्यासाठी आणखी एक कायदा करावा लागला.

हे सांगितल्यावर एका पावसाळ्यात मी मुलांनाच काम दिले. जुलैअखेरचे दिवस, रोवणी ऐन भरात, वर्गातल्या अकरा जागा रिकाम्या. कोण कुठे आहे हे शोधून यायचे, जात विचारायची नाही, काम विचारायचे. आठ जण रोवणीला होते, त्यांपैकी पाच दुसऱ्याच्या बांधीत. दोघी घरी धाकटी भावंडे राखत होत्या, कारण आया रोवणीला. एक मुलगा वडिलांबरोबर नागपूरला बांधकामावर गेला होता. ती यादी आम्ही कोचीच्या माहितीशेजारी भिंतीवर लावली. पोळ्यापर्यंत दहा जागा भरल्या. बांधकामावर गेलेला आला नाही. त्याचा दाखला न्यायला दिवाळीनंतर त्याचा काका आला.